नुसतं दही

मल्लेश्वरम, बेंगळूरु
१२ जानेवारी २०२५

ती. आई,

साष्टांग नमस्कार असं लिहायला घेतलं होतं, पण तुला खोटं चालत नाही. साष्टांग घालायला जमिनीवर पडावं लागतं आणि जमिनीवरून मला उठता येत नाही. हे मला गेल्या सोमवारी समजलं. आधीही माहीत असणारच, पण कोणी "खाली बसा बघू" म्हणत नाही तोवर स्वतःपासून लपवता येतं.

म्हणणारीचं नाव रंजिता. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, हासनकडची, कॉलेजात कबड्डी खेळायची. मी तिला व्यायामासाठी लावली आहे. पर्सनल ट्रेनर म्हणतात इकडे. पहिल्याच दिवशी तिने मला चटईवर बसवलं आणि म्हणाली, "सरी अक्का, ईग एद्देळि." उठा आता. मी सोफ्याचा हात धरला, सोफा सरकला. टीपॉय धरला, तोही सरकला. घरातलं सगळं सामान मला भिऊन मागे मागे जात होतं. शेवटी रांगत रांगत बाथरूमच्या दारापर्यंत गेले आणि कडी धरून उभी राहिले. रंजिता हसली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "अक्का, घरात एकट्याच ना तुम्ही?"

तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

पत्र पाहून तू चष्मा पुसशील आणि पाकिटावरचं अक्षर पुन्हा बघशील, हे मला इथून दिसतंय. फोन का केला नाही, तर तुला फोनवर ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस. आणि ऐकू येत होतं तेव्हा तरी काय बोललो आपण? बरी आहेस का, बरी आहे, ठेवते. पाच वर्षं एवढंच. कागदावर निदान मधे तोंड घालता येत नाही. एक विनंती, शाळेतून निवृत्त होऊन तुला बरीच वर्षं झाली, तेव्हा हे पत्र लाल पेन घेऊन वाचू नकोस.

परवा संक्रांत. तिळगूळ पाठवू नकोस. पाठवणार नाहीसच म्हणा. हर्षला तिळगूळ आणि मला चमचाभर नुसते तीळ, हा आपल्या घरचा कायदा मी विसरलेली नाही. परीक्षेला निघताना धाकट्याच्या हातावर दहीसाखर आणि माझ्या हातावर नुसतं दही. दहावीलासुद्धा. "तुला साखर नको, पमे, आधीच काय कमी आहे?" भूमितीचा पेपर मी आंबट तोंडाने लिहिला होता. तरी पास झाले, हे तुझ्या बाजूचं झालं.

पत्र संपत आलं आणि मुद्दा राहिलाच. मार्चमध्ये माझं ऑपरेशन आहे. वजनाचं. पोट कापून लहान करतात आणि पुढचं आतडं त्याला जोडतात. साखर (रक्तातली), गुडघे, सगळं हाताबाहेर गेलंय, आणि झोपेत माझा श्वास थांबतो. मधेच थांबतो, आणि मग गुदमरून जाग येते. रात्री नाकावर मास्क लावून झोपते, त्याला मशीन आहे. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, अशा छातीला मी भूल देणार नाही, आधी चाला, श्वास वाढवा, थोडं वजन उतरवा, मग या. म्हणून रंजिता.

काळजीचं काही नाही. हल्ली खूप लोक करतात. तू यायची गरज नाही.

प्रमोदिनी


२ फेब्रुवारी २०२५

ती. आई,

कार्ड मिळालं. चार ओळींत निपाणीची थंडी आणि पाचवीत, "वेळीच तोंडाला कुलूप घातलं असतं तर पोट कापायची पाळी आली नसती." मी ते कार्ड रंजिताला वाचून दाखवलं, कानडीत अर्थ सांगितला. मला वाटलं, तिला माझी दया येईल. ती म्हणाली, "अज्जींना इकडे बोलवा अक्का, त्यांनाही वीस स्क्वॉट्स घालायला लावते." तुला खुर्चीवरून उठाबशा काढताना डोळ्यांसमोर आणलं आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तुझ्या एखाद्या वाक्यावर मी हसले.

पण राग गेला असं समजू नकोस. हर्षच्या लग्नात फोटो काढताना तू माझा दंड धरलास आणि नव्या व्याह्यांसमोर म्हणालीस, "पमे, तू कडेला हो. मधे उभी राहिलीस की मागचे झाकले जातात." मी कडेला झाले. मग स्टेजच्या कडेला, मग हॉलच्या दाराशी, आणि मग थेट एसटी स्टँडवर. जेवलेही नाही. तू नंतर सगळ्यांना सांगितलंस की तिला ऑफिसचं काम निघालं. हर्ष कॅनडाला गेला, आता तो फोटो त्याच्याही घरात नसेल, पण माझ्या डोक्यात टांगलेला आहे.

असो. रंजिताचं सांगते. सकाळी साडेसहाला बेल वाजते. मी दार उघडायच्या आधी पोट आत ओढते, जसं काही तिला समजणारच नाही. आधी खुर्चीवरून हात न टेकता उठणं, मग भिंतीला टेकून दंड काढणं, मग जिना. जिन्यावर ती माझ्या मागे असते. "पडलात तर मी आहे," म्हणते. माझं वजन एकशे सव्वीस आणि तिचं पंचावन्न. मी पडले तर दोघींचं एकच पोस्टमॉर्टेम करावं लागेल. हे तिला सांगितलं तर तिचा चेहरा पडला. असं बोलू नका म्हणाली.

शेवटी तीन गोळ्यांचं यंत्र. प्लास्टिकच्या तीन नळ्या, प्रत्येकीत एक रंगीत गोळी, आणि एक तोंडात धरायची नळी. श्वास आत ओढला की गोळ्या वर जातात. पहिली सहज जाते, दुसरी कुरकुरत जाते, तिसरी माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तिसरी वर हवी आहे, आणि काही सेकंद तिथे थांबायला हवी आहे. रंजिता समोर उकिडवी बसून हात वर करते, "एळ्कोळ्ळि, एळ्कोळ्ळि," ओढा, ओढा, जसं काही गोळी नाही, मीच वर जाणार आहे. मला ती तिसरी गोळी बघून भीती वाटते, आई. ती तळाशी पडलेली असते ना, तेव्हा मला वाटतं, भूल दिल्यावर मीही अशीच पडून राहीन आणि वरून कोणी कितीही हात हलवले तरी उठणार नाही.

आणि माझं टेबल कुठलं आहे तुला माहीतच आहे. विमा कंपनी, क्लेम विभाग. दिवसभर मेलेल्या माणसांचे दवाखान्याचे कागद वाचते. "शस्त्रक्रिया यशस्वी. त्यानंतर..." हे "त्यानंतर" मी आजवर हजारदा वाचलं असेल आणि शिक्का मारून पुढे सरकवलं असेल. आता तो शब्द आला की टेबलावरून उठून पाणी प्यायला जाते. शेजारची भव्या विचारते, काय झालं मॅडम. मी म्हणते, उकडतंय.

एक बरं आहे. शनिवारी संकी टँकवर रंजिताचा दुसरा एक पेशंट सोबत चालायला असतो. नंदकिशोर. नागपूरचा, व्हाइटफील्डला सॉफ्टवेअरमध्ये आहे, माझ्याहून जाड आणि माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याचं ऑपरेशन याच महिन्यात, त्याच डॉक्टरांकडे. तो म्हणतो, "ताई, टेन्शन नका घेऊ ना. मी आधी जाऊन पाहून येतो रस्ता कसा आहे तो, मग तुम्ही या आरामात." इथे मराठीत माझी चेष्टा करणारं दुसरं कोणी नाही, त्यामुळे शनिवारची मी वाट बघते.

प्रमोदिनी


२३ फेब्रुवारी २०२५

ती. आई,

मेतकुटाची पिशवी मिळाली. ऑपरेशननंतर मऊ भातावर चालेल का, ते विचारून सांगते. सोबत चिठ्ठी नव्हती, पण पिशवीला तू हाताने टाके घातले होतेस, ते उसवायला मला वेळ लागला.

इकडे सगळं ठीक. दुसरी गोळी आता कुरकुरत नाही. नंदकिशोरचं ऑपरेशन झालं. छान झालं. दुसऱ्याच दिवशी चालायला लागला. रंजिता म्हणाली, "बघा अक्का, हेदरबेडी." घाबरू नका. हवा बदलली आहे, दुपारी चांगलंच तापतं...

आई, मी हे पत्र इथे बंद करून पाकिटात घालणार होते. नाही घालवत.

नंदकिशोर छान नाही. घरी गेल्यावर त्याला ताप आला, पोट दुखायला लागलं, खांद्यात कळा. आत जिथे शिवतात तिथून गळत होतं. पुन्हा उघडलं. आता तो आयसीयूत आहे, श्वासाच्या मशीनवर. त्याने काही वेडंवाकडं खाल्लं नाही, काही चुकवलं नाही. डॉक्टर म्हणतात, शंभरात एखाद्याचं होतं असं. शंभरातला तो एखादा माझ्याशेजारून चालत होता.

आणि हे मला रंजिताने सांगितलं नाही. ती रोज येत होती, "नंदकिशोर हेगिदारे?" कसा आहे, असं मी रोज विचारत होते, आणि ती रोज "चेन्नागिदारे, चेन्नागिदारे" म्हणत होती. छान आहे. मी त्याला फोन केला तर त्याच्या बायकोने उचलला आणि बोलता बोलता रडायला लागली. दुसऱ्या दिवशी रंजिता आली तेव्हा मी साखळी न काढता दार उघडलं आणि विचारलं, खोटं का बोललीस? ती म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर तुम्ही व्यायाम केला असता?" मी म्हटलं, नाही. "मग?" म्हणाली. मी दार लावून घेतलं. ती बराच वेळ जिन्यात बसून होती, मला आयहोलमधून तिचे बूट दिसत होते. नंतर गेली. चार दिवस झाले, बेल वाजली तरी मी दार उघडत नाही.

मला हे ऑपरेशन करायचं नाही, आई. मला मरायचं नाही. हे वाक्य लिहून बघितलं, कारण मोठ्याने बोललं तर शेजारच्या भाग्यलक्ष्मी अम्मा धावत येतील आणि त्यांना काय सांगू?

यावर उत्तर लिहिताना "मी आधीच म्हटलं होतं" असं लिहू नकोस. एवढं एक कर.

पमा


९ मार्च २०२५

ती. आई,

तू काहीच लिहिलं नाहीस. "मी आधीच म्हटलं होतं" वगळलं की तुझ्याकडे लिहायला काही उरत नाही, असं म्हणून मी आधी चिडले. मग वाटलं, तूही घाबरली असशील. ते जास्त वाईट वाटलं.

गेल्या रविवारी दुपारी खुर्चीत पेपर वाचता वाचता डोळा लागला. मास्क नव्हता. जाग आली ती घशात बोळा कोंबल्यासारखी. श्वास आतही जाईना, बाहेरही येईना. उठायला गेले ती खुर्चीवरून खाली आले, बसलेच जमिनीवर. शेवटी एकदाचा श्वास आला, त्याचा आवाज मलाच ओळखू आला नाही. समोर फरशी, फरशीवर मी, आणि घरात कोणी नाही. फोन टेबलावर. तेव्हा मला कळलं की ऑपरेशन टाळलं म्हणून काही मी वाचणार नाहीये. तिथे डॉक्टर तरी असतील उशाशी, इथे पेपर होता.

मग रंजिताचा आवाज आठवला. आधी कुशीवर. मग कोपर. मग गुडघा. मग एक पाय पुढे, हात मांडीवर, आणि मान खाली नाही, समोर. उठले, आई. कशालाही न धरता. मी एकटीच मधल्या खोलीत उभी राहून हुंदके देत होते. टेबलापर्यंत गेले आणि रंजिताला फोन लावला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "अक्का, मी खोटं बोलले, तप्पायितु, चुकलं. मला पण भीती वाटत होती." नंदकिशोर तिचा पहिला पेशंट होता, ऑपरेशनचा. मी दुसरी. हे मला माहीत नव्हतं. तज्ज्ञ म्हणून जिच्या जिवावर चाललेय ती माझ्याएवढीच घाबरलेली आहे, हे ऐकून खरं तर धडकी भरायला हवी होती. पण सोमवारी सकाळी साडेसहाला दार मी बेल वाजायच्या आत उघडलं.

नंदकिशोरची नळी काढली. आवाज बसलाय. फोनवर म्हणाला, "ताई, रस्त्यात खड्डे आहेत ना. पण आहे रस्ता."

तारीख ठरली. १९ मार्च, बुधवार. हॉस्पिटल इथून जवळच, मार्गोसा रोडच्या टोकाला, पहिला मजला. सकाळी सहाला रिकाम्या पोटी हजर व्हायचं, आठला आत नेतात. आतापासून फक्त पातळ, सूप आणि ताक आणि प्रोटीनचं पाणी, म्हणजे यकृत आकसतं आणि डॉक्टरांना आत जागा मिळते. भूल देणारे डॉक्टर परवा अर्धा तास बोलले, काय काय होऊ शकतं ते सगळं. ते तुला लिहीत नाही. तू उगाच रात्री जागशील.

नातेवाईकाची सही लागते. भव्या करणार आहे, हॉस्पिटलने चालेल म्हटलं. हे फक्त तुला माहिती म्हणून लिहितेय. बस रात्रभराची आहे, तुला झोप लागत नाही बसमध्ये, आणि इथे कानडी बोलतात ती तुझ्या बेळगावकडची नव्हे. येऊ नकोस.

तिसरी गोळी काल वर गेली. थांबली नाही, पण जाऊन आली.

पमा


२३ मार्च २०२५

ती. आई,

साष्टांग नमस्कार. या वेळी खरोखर घातला, देवासमोर चटई टाकून, आणि उठले.

तू घरी पोचलीस का, हे मला शेजारच्या दयानंदकाकांना फोन करून विचारावं लागलं. ते म्हणाले, आल्या, पण कोणाशी बोलत नाहीत, दोन दिवस चूलही पेटवलेली दिसत नाही. म्हणून हे पत्र लगेच टाकतेय. हे दोनदा वाच. त्या सकाळी काय काय झालं त्यातलं निम्मं तुला ऐकू आलं नाही, आणि जे दिसलं त्यावरून तू काय धरून बसली आहेस ते मला माहीत आहे.

मी हॉस्पिटलचा हिरवा झगा घालून पलंगावर बसले होते. पाय लटकत होते. भव्या कागदांवर सह्या करायला गेली होती. रंजिता म्हणत होती, नाकाने घ्या, तोंडाने सोडा. मला वाटत होतं, आत्ता उठावं आणि या झग्यातच रिक्षा करून घरी जावं. आणि दारात तू. नऊवारी नाही, प्रवासाची ती करडी पाचवारी, केसांना बसची धूळ, आणि हातात तो कडीचा डबा, माझ्या शाळेचा. मला आधी वाटलं, भीतीने मला भास व्हायला लागले. रंजिता तुझ्यासाठी पाणी आणायला बाहेर गेली.

तू काही विचारलं नाहीस. बरी आहेस का, तेसुद्धा नाही. पलंगापाशी आलीस, डबा उघडलास आणि म्हणालीस, "हात कर." मी हात केला. उजवा वर, खाली डावा. आई, चव्वेचाळीस वर्षांची बाई, पण "हात कर" म्हटल्यावर हात झाला. तू चमच्याने दही घातलंस आणि म्हणालीस, "रात्रभरात आंबलंय गं, म्हणून साखर जास्त घातलीये."

मी खाल्लं. तळहात चाटून खाल्लं.

मग तू समोरच्या स्टुलावर बसलीस. तोंडाला मास्क लावलेली सिस्टर आली, तिने मला काहीतरी विचारलं, मी मान हलवली. ती तुझ्याकडे वळून हसली. आणि तू, कोणी न विचारता, तिचा हात धरून मोठ्याने सांगितलंस, "हेदरब्याडरी, मोसरु-सक्रि कोट्टीन्री." घाबरू नका, मी दहीसाखर दिलंय. केवढ्या अभिमानाने सांगितलंस.

पुढचं तू पाहिलंस. सिस्टर धावली, डॉक्टर आले, ऑपरेशन रद्द. रंजिता तुझ्यावर ओरडली. ती काय ओरडली ते तुला ऐकू आलं नसेल, पण तिचा चेहरा तू पाहिलास. ती म्हणत होती, "अज्जी, साय्तिद्रु अवरु!" मेल्या असत्या त्या. भूल दिल्यावर पोटात काही असेल तर ते वर येतं आणि फुफ्फुसात उतरतं, आणि माझ्यासारख्या छातीत उतरलं तर डॉक्टरांच्या हाती फारसं राहत नाही. हेच ते अर्धा तास मला सांगत होते. हेच मी तुला लिहिलं नव्हतं, तू जागशील म्हणून. हातावरच्या दह्याला आपल्याकडे कोण खाणं म्हणतं? कडकडीत उपास असला तरी निघताना ते घेतोच. तुला कसं कळणार होतं? तू डबा मांडीवर घेऊन बाकावर बसलीस, आणि भव्या तुला बसवर सोडायला निघाली तेव्हा मी हाका मारत होते. तू पाठमोरी होतीस. तुला ऐकू आलं नाही, की ऐकायचं नव्हतं, मला माहीत नाही.

आता नीट वाच. सिस्टरने मला कानडीत विचारलं होतं, "एनाद्रू तिंद्रा?" काही खाल्लं का? आणि मी म्हटलं होतं, "इल्ला." नाही.

मला नियम माहीत होता. विसरले नव्हते. हात पुढे करताना माहीत होता, चाटताना माहीत होता, आणि ती विचारत होती तेव्हा तर कानात नुसता तोच वाजत होता. पण खरं सांगितलं असतं तर सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं असतं. तू पाच वर्षांनी आली होतीस, रात्रभर बसमध्ये बसून, आणि मला तुला कडेला उभं करायचं नव्हतं. म्हणून मी "नाही" म्हटलं. आठ वाजता मला आत नेलं असतं. दहीसाखर पोटात घेऊन मी भुलीच्या टेबलावर चढले असते, आणि माझ्या टेबलावरच्या त्या कागदांसारखा एक कागद झाला असता. भव्याने त्यावर शिक्का मारला असता.

तू बोललीस म्हणून तसं झालं नाही. तू मला मारत नव्हतीस, आई. मारायला निघाले होते ती मी. तू वाचवलंस, आणि तेही नकळत, तुझ्या त्या मोठ्या आवाजाने, ज्याची मला आयुष्यभर लाज वाटली. हे मी रंजिताला काल सांगितलं. ती आधी मला वाट्टेल ते बोलली, मग खाली बसली आणि रडली. म्हणते, अज्जींचे पाय धरायचे आहेत. मी म्हटलं, त्या आधी तुलाच वीस स्क्वॉट्स घालायला लावतील.

तू म्हणशील, माहीत होतं तर खाल्लंस का? मी चार दिवस याचाच विचार करतेय. भीतीने खाल्लं, रद्द व्हावं म्हणून, असं डॉक्टरांना वाटतं. तेही थोडं असेल. पण आई, तू साखर घातली होतीस. शाळेत असल्यापासून मी तुझ्या हातून साखर खाल्ली नव्हती. वाढदिवसाला नाही, पास झाल्यावर नाही, हर्षच्या लग्नातही नाही. माझ्या तळहातावर साखर चमकत होती, विरघळलीही नव्हती, आणि तू ती घालताना मोजली नव्हतीस. त्या क्षणी डॉक्टर, छाती, तिसरी गोळी, सगळं मला परकं झालं. ते मी नाकारू शकले नाही. जीव गेला असता तरी नाकारू शकले नसते, हे आता लिहिताना कळतंय.

नवी तारीख ३ एप्रिल, गुरुवार. पाडवा होऊन जाईल. "पाडव्याला कडुलिंब तेवढा खा, त्याला माझी ना नाही," असं रंजिता म्हणते. पुन्हा सूप, पुन्हा ताक, पुन्हा गोळ्या. तिसरी आता वर थांबते. पण भीती कमी झालेली नाही. उलट आता वाढली आहे, कारण आधी मला वाटायचं, मी सगळे नियम पाळीन म्हणून मी वाचेन. आता मला माहीत आहे की ऐन वेळी मी काय करते.

म्हणून तू ये. या वेळी मी खरंच बोलावतेय. सहीच्या रकान्यात तुझं नाव घालायला सांगितलंय, भव्याचं खोडलं. आदल्या दिवशी ये, माझ्याजवळ बस, आणि सिस्टर विचारेल तेव्हा माझ्या आधी तू उत्तर दे. मोठ्याने. आणि रिकाम्या हाताने ये. तुला जड जाईल, माहीत आहे, शेजारणीकडेही तू कधी मोकळ्या हाताने गेली नाहीस. पण डबा आणू नकोस.

फक्त विरजण आण, घरचं, बाटलीत घालून. फ्रीजमध्ये ठेवू. शुद्धीवर आले तर, आले की, काही दिवसांनी मला चमचा चमचा दही चालेल असं आहारवाल्या बाई म्हणाल्या. साखर मात्र नाही. या ऑपरेशननंतर साखर सोसत नाही, चक्कर येते, घाम फुटतो, तेव्हा ती कायमचीच सोडायची. मी त्यांना म्हटलं, नुसत्या दह्याची मला लहानपणापासून सवय आहे.

तेव्हा माझ्या हातावर नुसतं दही घाल, आई. साखर नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. त्या सकाळची मला पुरेल.

तुझी
पमी